ताईच्या जबड्याचं माप

ताईला तिच्या धाकट्या भावाच्या घरात एक कप होता, एक ताटली होती, खिडकीखाली एक खुर्ची होती, आणि बेसिनच्या नळाला हात लावायची बंदी होती. नळ भावजय उघडून द्यायची. कपाच्या कानाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तो भावाने स्वतः लावला, आणि लावून झाल्यावर ती भरलेली बाटली कचऱ्यात टाकली, का तर म्हणे ब्रश कपाला लागला. बाटली भावजयीची होती. तिने ती कचऱ्यातून उचलून त्याच्यादेखत नखांना लावली आणि हात वाळवत बसली. तो गॅलरीत निघून गेला.

गल्लीत त्याला कवळीवाला म्हणत. त्यात काही अपमान नव्हता. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्याचंच काम होतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप एका गुलाबी लगद्यात घेत आणि त्याच्याकडे पाठवत. त्या मापात तो प्लास्टर ओतायचा, की जबडा तयार. त्या जबड्यावर मेणात दात मांडायचे आणि मग कवळी घडवायची. घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्याची लॅब होती. वीस वर्षं हा गृहस्थ लोकांच्या थुंकीत भिजलेल्या मापांवर पोट भरत होता आणि वीस वर्षांत त्याला साधा ताप आला नव्हता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही. त्याचा ब्रह्मराक्षस त्याच्या सख्ख्या बहिणीच्या रूपाने रिक्षातून उतरला, हातात एक बॅग आणि दवाखान्याची फाईल घेऊन.

ताई बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. सव्वीस वर्षं. अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे, हे वाक्य तिने किती लाख वेळा म्हटलं असेल देव जाणे, पण तिच्या तोंडून ते कधी शिळं वाटलं नाही. लोकांची गाडी चुकायची, तिचा शब्द चुकायचा नाही. मात्र हिरड्यांनी दगा दिला आणि वरचे सगळे दात काढायची वेळ आली. दात काढण्याआधी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तेव्हा कळलं की तिच्या रक्तात ब प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे. कधीपासून, कुणास ठाऊक. ताईला काही होत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी यकृत तपासलं आणि ठणठणीत आहे म्हणाले. रोज एक गोळी घ्या, सहा महिन्यांनी दाखवायला या.

"हे रक्तातून पसरतं," त्यांनी भावाला समोर बसवून सांगितलं होतं. "दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. बाकी एका ताटात जेवा, शेजारी झोपा, काही होत नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून लस टोचून घ्या. तीन टोचण्या, विषय संपला."

भावजयीने दुसऱ्याच दिवशी दोन्ही पोरांना नेलं आणि तिघांनी लस घेतली. कवळीवाला तेवढा राहिला. तोही गेला होता म्हणा. दवाखान्याच्या दारापर्यंत गेला, आत सात पेशंट बसलेले दिसले, त्यातला एक खोकत होता, आणि हा शहाणा उलट्या पावली घरी आला. "तिथे बसून भलतंच काही घेऊन यायचो," म्हणाला. आजारी पडू नये म्हणून घ्यायची लस, ती आजारी पडू या भीतीने राहिली. वर ती सुई! सुईच्या नुसत्या नावाने त्याच्या कपाळावर घाम यायचा, पण हे तो मरेस्तोवर कबूल करणार नव्हता.

मग घरात त्याने स्वतःचं शास्त्र चालू केलं. ताईने वाचलेला पेपर तो इस्त्री फिरवल्याशिवाय उघडत नसे. दिव्यांची बटणं पेनच्या टोपणाने दाबायचा, दारं कोपराने लोटायचा. रोज सकाळी आरशासमोर बॅटरी घेऊन स्वतःचे डोळे पिवळे झालेत का ते बघायचा. संध्याकाळी पुन्हा बायकोला विचारायचा.

"बघ जरा. पिवळे दिसतायत ना?"

"बल्ब पिवळा आहे," ती म्हणायची. "भिंतसुद्धा पिवळी दिसतेय. तिलाही कावीळ झाली असेल."

ताईला सुरुवातीला हसू यायचं. लहानपणी हाच तिच्या ताटातला घास पळवायचा. आईवडील गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, ती एकोणीसची. तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं. म्हणून तिने ते सगळं वेडाचे चाळे समजून सोडून दिलं. दात काढल्यावर एकटीने राहू नये म्हणून ती इथे आली होती, तीन महिन्यांचा तर प्रश्न होता. हिरड्या भरल्या, कवळी बसली, की आपली खोली आणि आपलं स्टँड.

पण कवळी बसेना.

पहिली कवळी डॉक्टरीणबाईंनी बसवली तेव्हा ती टाळूला धरलीच नाही. ताईने तोंड उघडलं की खाली. "होतं असं कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा माप घेतलं. दुसरी कवळी आली. तीही डगडगत होती. एका बाजूला दाबली की दुसरी बाजू वर. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तिसरं माप घेतलं, तो मंगळवार होता.

त्या रात्री जेवताना भावाने निदान केलं. जेवताना म्हणजे तो टेबलाच्या त्या टोकाला, ताई खिडकीखाली.

"ताई, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो. पण हा आजार हाडात उतरतो. तुझं जबड्याचं हाड झिजत चाललंय. आज माप घ्यावं तर परवा जबडा वेगळा. कवळी बसायची कशी?"

"डॉक्टर तर असं काही म्हणाल्या नाहीत."

"त्या तोंडावर कशाला सांगतील? मी वीस वर्षं जबडे बघतोय."

वीस वर्षं जबडे बघणाऱ्याशी ती काय वाद घालणार? त्यातून स्टँडप्रमुखाचा निरोप सकाळीच आला होता. घोषणांचं यंत्र येऊन पडलं होतं. बटण दाबलं की कुणा परक्या बाईचा आवाज, सगळ्या गाड्यांना एकच सूर. "सोमवारी या आणि माइकवर बोलून दाखवा," तो म्हणाला होता. "जमलं तर यंत्र कपाटात. नाही जमलं तर तुम्हाला पार्सलच्या खोलीत बसवतो, माझ्या हातात तेवढंच आहे." पार्सलच्या खोलीत खिडकी नव्हती आणि बोलायला माणूस नव्हतं. सव्वीस वर्षं जिच्या आवाजावर हजारो लोक पिशव्या उचलून धावले, तिने आता खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती मोरीचं दार लावून ती डगडगणारी कवळी जिभेने वर दाबून धरत घोषणा म्हणून बघत होती. तीन शब्द झाले की कवळी घसरायची. आरशात ती स्वतःच्या गालांकडे बघायची. हाड खरंच झिजलंय का? बोटाने चाचपायची. माणसाला एखादी गोष्ट सांगितली की ती हाताला लागायला वेळ लागत नाही. दुखत नव्हतं तिथे दुखायला लागलं. भावाची भीती तिला कपातून लागली नाही, टॉवेलातून लागली नाही, पण त्याच्या बोलण्यातून बरोबर लागली.

गुरुवारी सकाळी घरी ती एकटीच होती. भावजय कामावर, पोरं शाळेत. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "तुमचे भाऊ फोन उचलत नाहीत. तिसरं काम कुठवर आलंय तेवढं विचारून सांगाल का? शनिवारी संध्याकाळी बसवायची तर आज दात मांडून व्हायला हवेत."

लॅबमध्ये पाऊल टाकायला ताईला बंदी होती. पण निरोप तर द्यायला हवा. मागच्या दाराने ती गेली. भाऊ नव्हता, हातमोजे आणायला बाजारात गेला होता. हातमोज्यांवर या माणसाने जेवढा वेळ घालवला तेवढा दवाखान्यात घालवला असता तर तिन्ही टोचण्या होऊन वर चहासुद्धा झाला असता.

टेबलावर सकाळी आलेली चार मापं ओळीने ठेवली होती. प्रत्येकावर जंतू मारायचं औषध फवारलेलं, शेजारी गजराचं घड्याळ, काटा दहा मिनिटांवर लावलेला. आणि पलीकडे खिडकीच्या कट्ट्यावर, सगळ्यांपासून हातभर दूर, झाकण घट्ट लावलेली काचेची बरणी. आत निळसर औषध, आणि त्यात बुडालेलं एक गुलाबी माप. बरणीवर चिठ्ठी होती: ताई. मंगळवार रात्री बुडवले. गुरुवार दुपारी काढणे.

ताईने चिठ्ठी दोनदा वाचली. मग सुचलं ते असं सुचलं की ती तिथेच स्टुलावर बसली.

माप औषधात ठेवायचा धडा तिला पाठ होता. भावाला वाचून काही लक्षात राहत नसे, ऐकून राहायचं. त्याच्या परीक्षेच्या वर्षी ती स्टँडवरून यायची आणि त्याची वही हातात घेऊन मोठ्याने वाचायची. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचा. तिच्याच आवाजात ती वाक्यं आताही तिच्या डोक्यात होती. माप दहा मिनिटांपेक्षा जास्त औषधात ठेवू नये. पाणी पिऊन माप फुगते. फुगलेल्या मापावरून केलेली कवळी कोणाच्याही तोंडात बसत नाही. हे शेवटचं वाक्य त्याला आवडायचं. तो हसायचा आणि पुन्हा वाचायला लावायचा.

दारात भाऊ उभा होता, दोन्ही हातांत मोज्यांची खोकी.

"ताई! तू आत कशाला आलीस? कशाकशाला हात लावलास?"

"या चौघांचं माप किती वेळ ठेवतोस?"

त्याने घड्याळाकडे बघितलं. "दहा मिनिटं."

"या चौघांना काय काय आजार आहेत?"

"मला काय माहीत?"

"मग माझं दोन दिवस का?"

"तुझं माहीत आहे ना!" तो इतक्या सरळपणे म्हणाला, की जणू हा हिशोब शेंबडं पोरही सांगेल.

"म्हणजे ज्याचं माहीत नाही तो धुतल्या तांदळासारखा, आणि जिने खरं सांगितलं ती विषारी?"

"मला दोन पोरं आहेत, ताई."

"पोरांनी लस घेतलीय. तू घेतली नाहीस." ती उठली. "आणि माझ्या जबड्याचं हाड?"

तो खोकी टेबलावर रचायला लागला. एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

"पहिल्या वेळी नव्हतं," तो पुटपुटला. "देवाशप्पथ. पहिल्या वेळी मला वाटलं, जास्त वेळ ठेवलेलं बरं."

म्हणजे दुसऱ्या वेळी माहीत होतं. तरी त्याने दुसरं माप बुडवलं, तिसरं बुडवलं, आणि मधल्या मधे टेबलाच्या त्या टोकावरून तिच्या तोंडातलं हाड झिजवून टाकलं. ताईला असा राग आला की तिला वाटलं, ती बरणी उचलून भिंतीवर फोडावी. तिने फोडली नाही. सोमवार चार दिवसांवर आला होता आणि शहरात दुसरा कवळीवाला आठ दिवसांशिवाय काम देत नव्हता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. ताईला होती, म्हणून ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि चौथं माप द्यायला तोंड उघडून बसली. का, ते तिने तेव्हा सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, औषध फवारलं, दहा मिनिटांनी धुतलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

अर्ध्या तासात ती लॅबच्या दारात परत उभी होती.

"घे," तिने हात पुढे केला. "डॉक्टरांनी धुऊन दिलंय. आत्ता ओत."

भावाच्या हातात मोज्यांवर मोजे होते. त्याने त्या फडक्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. त्याचा हात थोडासा वर आला. ताईला क्षणभर खरंच वाटलं, की घेईल. मग त्याने टेबलावरचा पत्र्याचा ट्रे बोटाने तिच्याकडे सरकवला आणि दोन पावलं मागे गेला.

"त्यात ठेव."

"आणि मग? किती दिवस?"

घाम फुटला होता त्याला. ढोंग नव्हतं ते, खरंच पाचावर धारण बसली होती, हे ताईला दिसत होतं. पण कीव करायची तिची ताकद त्या सकाळीच संपली होती.

"सरक," ती म्हणाली.

तिने बाह्या वर केल्या. वहीतली वाक्यं एकामागून एक म्हणत तिने रबरी वाटीत पाणी घेतलं, प्लास्टर भुरभुरवलं, पातं फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा करत होती, पण ऐकवलं शंभरदा होतं. भाऊ दाराशी उभा राहून बघत होता. वाटी तिरकी केल्यावर मात्र त्याच्यातला कारागीर गप्प बसू शकला नाही.

"एकाच बाजूने सोड. हळू. बुडबुडा धरेल. ट्रे आपट थोडा. अजून. हां."

प्लास्टर मापात उतरलं. तासाभराने तिने माप सोडवलं आणि आतून जबडा निघाला, पांढरा, कोरडा, स्वच्छ. तिचा जबडा. कुठे झिजलेला नव्हता, कुठे वाकलेला नव्हता. तिने तो ट्रेमध्ये ठेवला. कोरडं प्लास्टर बघून भावाला धीर आला. दोन जोड मोज्यांनी त्याने ते उचललं, आणि मग खरं सांगायचं तर दोन दिवस मान वर न करता काम केलं. कवळी सुरेख झाली. हाताने तो कधी वाईट नव्हताच.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे तोही आला. आपलं काम बसताना बघायची त्याला हौस होती. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर तो उभा राहिला. दार त्याने खांद्याने लोटलं होतं आणि मूठ धरून ओढून घ्यायला तो काही तयार नव्हता, म्हणून ते उघडंच राहिलं. बाहेर बाकांवर सहा पेशंट बसले होते.

कवळी टाळूला टच्च धरली. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याने दाबून बघितली, ओढून बघितली. हलली नाही.

"वा! आता याला म्हणायची कवळी," त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "पण आधीच्या दोन का बिघडल्या, हे मला अजून कळलेलं नाही. यांच्या जबड्यात तर काही खोट नाही."

"प्लास्टरची गोणी ओली निघाली," भाऊ म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची. हाड गेलं आणि गोणी आली.

"असं होय. ताई, तुम्ही जरा बोला बघू. मोठ्याने. माइकवर बोलता तसं."

ताईने कवळीवरून जीभ फिरवली. तीन महिन्यांनी तोंडात सगळं जागच्या जागी होतं. काय बोलावं हे तिने ठरवून आणलं नव्हतं. पण भाऊ गोणी म्हणाला आणि तिचं ठरलं.

"गोणी ओली नव्हती," ती म्हणाली. माइकशिवाय बारा फलाटांवर पोचणारा आवाज होता तो. बाहेरच्या बाकांवरची पेपरची सळसळ थांबली. "माझ्या भावाने माझं माप दोन दोन दिवस औषधात बुडवून ठेवलं. माझ्या रक्तात काविळीचा विषाणू आहे आणि तो कप, नळ, पेपर यातून उडत येतो असं त्याला वाटतं. माप फुगतं हे त्याला माहीत होतं. तरी त्याने मला सांगितलं, की तुझा जबडा झिजलाय. आणि मी ते खरं मानलं."

एक शब्द अडखळला नाही. एक अक्षर हवेत गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "खरं आहे हे?"

भावाचा चेहरा उतरला. तो घाईघाईने बोलायला लागला, आणि बोलला ते बाहेरच्या सहा जणांनाही ऐकू जाईल असं, कारण त्यांची कामंही त्याच्याकडेच जाणार होती. "फक्त हिचंच, डॉक्टर. बाकी सगळ्यांची दहाच मिनिटं ठेवतो मी, विचारा कुणालाही. एकाचंही माप कधी बिघडवलं नाही. फक्त हिचंच."

आपण आपली बाजू मांडली, असं त्याला वाटलं.

ताईला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. राग गेलाही. पण ते 'फक्त हिचंच' तिच्या कानातून जाईना. ती त्याच्यावर माया करत होती, आताही करत होती, आणि त्याचाच तिला संताप आला.

"तुमचं रक्त तपासा, लस घ्या आणि कागद घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर माझ्याकडचं एकही माप तुमच्याकडे येणार नाही. भीतीने डोकं गेलेल्या माणसाच्या हातात मी पेशंटचं तोंड देत नाही."

ताई त्या रात्री आपल्या खोलीवर गेली. भावजयीने बॅग आणून दिली, आणि बराच वेळ तिचा हात हातात धरून बसली.

सोमवारी स्टँडप्रमुखाने तीन घोषणा ऐकल्या. चौथीला तो यंत्राची वायर गुंडाळायला लागला होता. दुपारी केबिनमधला फोन वाजला. भाऊ होता. आवाजात उत्साह मावत नव्हता. सकाळीच रक्त दिलं, काही निघालं नाही, पहिली टोचणी घेतली, मुळीच दुखलं नाही, मुंगी चावल्यासारखं. जे बहिणीसाठी तीन महिन्यांत झालं नाही, ते धंद्यासाठी दीड दिवसात झालं.

"मग आज जेवायलाच ये, ताई," तो म्हणाला. "आता काही हरकत नाही."

"मला आहे," ताई म्हणाली. तिने फोन ठेवला, आणि सात नंबरच्या फलाटावर लागलेल्या गाडीची घोषणा केली.